ओपलचा खांब

थॅड बॉयकिनने आयुष्यभर जे काम केलं, ते आज कुणाच्याही दृष्टीस पडत नाही. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या कितीतरी उंच इमारतींचे पोलादी सांगाडे त्याने उभे केले. पण सांगाडा उभा राहिला की त्यावर लेप बसतो, लेपावर भिंत, भिंतीवर रंग, आणि रंगावर कुणीतरी कॅलेंडर टांगतं. लोखंडवाला तोवर दुसऱ्या साइटवर पोचलेला असतो. बायको होती तेव्हा गाडीतून जाताना तो बोट दाखवून म्हणायचा, "ती बघ, ती माझी."

"मला तर नुसत्या विटा दिसतात."

"विटांच्या आत बघ की!"

लोखंडवाल्यांची बोलण्याची रीतच ही. झाकलं म्हणजे गेलं, असं त्यांच्या मनालाच शिवत नाही.

त्या थॅडने एका आईला शब्द दिला. देताना त्याच्या मनात तसूभरही खोट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढचं ऐकून कुणी त्याला लबाड म्हणेल. तो लबाड नव्हता. तो लोखंडवाला होता.

मुलांच्या हॉस्पिटलची नवी इमारत जुनीच्या समोर, मध्ये गल्लीएवढी जागा सोडून, चढत होती. जुन्या इमारतीचा चौथा मजला रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांचा. त्यांना खोलीबाहेर पडायची बंदी, म्हणून ती दिवसभर खिडकीला नाक लावून क्रेन बघत. एका सकाळी एका खिडकीत कागद लागला. त्यावर मोठ्या वाकड्या अक्षरांत एक नाव होतं. थॅडच्या टोळीतल्या स्कीट्सने ते वाचलं, आणि खुणा करायच्या नारिंगी रंगाची पिचकारी घेऊन जमिनीवर पडलेल्या गर्डरवर तेच नाव लिहून टाकलं. गर्डर हवेत चढला, खिडकीसमोरून गेला, आणि आतलं पोरगं पलंगावर उभं राहून नाचायला लागलं.

दुसऱ्या दिवशी बघावं तर प्रत्येक खिडकीत कागद!

कंपनीची मालकीण रूथ ब्रॅनॉक. नवऱ्यामागे धंदा सांभाळणारी, शिस्तीची बाई. साइटवर येऊन तिने गर्डरवरची नावं वाचली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"मापाच्या खुणांशिवाय लोखंडावर काही लिहायचं नाही, हा नियम कुणाचा?"

"तुमचाच, मॅडम," थॅड म्हणाला आणि त्याने नुसतं वर बोट केलं.

तिने वर बघितलं. खिडक्याखिडक्यांतून टकली डोकी तिला हात करत होती. तिने खिशातून रुमाल काढला. मग नाक शिंकरून म्हणाली, "अक्षर तरी नीट काढा. कोंबडीचे पाय उमटल्यासारखं दिसतंय. माझ्या कंपनीचं नाव आहे त्याच गर्डरवर."

एवढ्यावर ती थांबली नाही. या मुलांना रक्तातल्या प्लेटलेटची सारखी गरज लागते, हे तिने तिथल्या नर्सकडून ऐकलं, आणि सांगून टाकलं की जो कामगार द्यायला जाईल त्याचा त्या वेळेचा पगार कापला जाणार नाही. मग काय, जेवणाच्या सुट्टीत लोखंडवाल्यांची रांग हॉस्पिटलच्या दारात. ढगाएवढ्या उंचीवर वीतभर रुंद गर्डरवरून सँडविच खात चालणारी माणसं ती, पण सुई बघून निम्म्यांचे चेहरे पांढरे पडले. स्कीट्स तर खुर्चीतच आडवा झाला.

"ऊठ रे वाघा," क्रेन चालवणारी लूएला म्हणाली. "अजून टोचली पण नाहीये."

"मला वासानं झालं."

"आणि गटारात पडला होतास तेव्हा वास कुठे गेला होता?"

त्याच दिवशी नर्सने थॅडला विचारलं, "ओपलला भेटणार का? आज तुमच्याच प्लेटलेट तिला जाणार आहेत."

तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले, अशा थाटात थॅड खोलीत शिरला. पलंगावर आठ वर्षांची काळीसावळी पोरगी, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि डोळे असे की बघणाऱ्याने आपली बटणं नीट लावलीत का ते तपासावं. बाजूच्या खुर्चीत तिची आई, रेनीटा डोर्सी. बेकरीत पहाटपाळी करून थेट इथे यायची. केसांत पीठ तसंच असायचं.

"तुम्हीच ते क्रेनला हातवारे करणारे," ओपल म्हणाली. "मला सगळे येतात. बघा." आणि तिने बोट वर करून गोल फिरवलं, म्हणजे उचल, खाली करून फिरवलं, म्हणजे सोड, मूठ पुढे धरली, म्हणजे थांब.

"बाप रे! माझी नोकरी गेली म्हणायची."

"मिस्टर थॅड, माझं नाव अजून का नाही लिहिलं? त्या कर्टिसचं दोनदा झालं."

"कागद कुठे लावलास तू?"

"लावणार नाही. गर्डर नको मला. गर्डर आडवे असतात, झोपल्यासारखे. मला उभा पाहिजे. इथे, समोर. आणि नारिंगी नको. जांभळा."

"ओपल," रेनीटा म्हणाली, "माणसं काम करायला आलीयेत, बाई. तुझी दुकानदारी नाही ही."

"विचारायला काय जातंय, मॉमा?"

थॅड हसला. निघताना रेनीटा त्याच्यामागे दाराबाहेर आली. तिने मास्क खाली ओढला, तेव्हा त्याला दिसलं की ही बाई वयाने त्याच्या मुलीपेक्षाही लहान आहे.

"मिस्टर थॅड, एक विचारू? तुम्ही लिहिता ते नाव... किती दिवस राहतं?"

त्याला प्रश्नच गमतीदार वाटला. पोलाद कुठे जाणार?

"इमारत उभी आहे तोवर राहील, लेकी. तुझ्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत."

तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसती मान हलवत राहिली. डॉक्टरांनी तिला सकाळीच काय सांगितलं होतं, ते त्याला पुढे कळलं.

जांभळा रंग स्कीट्सने स्वतःहून आणला. ओपलच्या खिडकीसमोर येणारा चौथ्या मजल्याचा कॉलम, म्हणजे उभा खांब, अजून बर्फात आडवा पडला होता, तेव्हा थॅडने गुडघे टेकून अक्षरं एकाखाली एक काढली, उभा राहिल्यावर छातीच्या उंचीला येतील अशी. उचलायच्या वेळी ओपल खिडकीत हजर. तिने बोट वर करून गोल फिरवायला सुरुवात केली. इकडे थॅडचंही बोट फिरत होतं.

वॉकीटॉकीवर लूएला करवादली, "थॅड, मला आता दोन मुकादम झालेत. ऐकू कुणाचं?"

"तिचं ऐक."

"बरं झालं. तिला निदान डोकं आहे."

कॉलम उभा राहिला, बोल्ट बसले. बरोबर तिच्या खिडकीसमोर. ओपलने मूठ पुढे धरली. थांब. आणि साइटवरच्या झाडून सगळ्या बाप्यांनी हेल्मेट काढून तिला सलाम ठोकला.

ती फेब्रुवारीत गेली. सकाळी थॅड कामावर आला तर खिडकीचा पडदा ओढलेला. दुपारी पडदा उघडला तेव्हा पलंग नव्या चादरीचा होता.  त्या दिवशी लूएलाने क्रेन अशी चालवली, की जणू प्रत्येक गर्डर झोपलेला आहे आणि त्याला जाग येता कामा नये.

थॅड एका लहानशा बॅप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे पाळकाचा मदतनीस, होता. रेनीटाचं स्वतःचं असं चर्च नव्हतं. देवाशी तिचं बोलणं बंद होतं, असं तीच म्हणायची. म्हणून अंत्यविधी थॅडच्या चर्चमध्ये झाला. तिथले पाळक रेव्हरंड पेटवे म्हणजे देवाने गळ्यात भाता बसवून पाठवलेला माणूस. बोलायला उभे राहिले की आधी घरच्यासारखं, हळू, अडखळत बोलायचे. मग एकेका वाक्याला चाल लागायची, ऑर्गन मागून हुंकार द्यायचा, आणि बघता बघता बोलण्याचं गाणं व्हायचं. ते गाणं मग कुणा एकाचं राहायचं नाही; अख्खी सभा त्यावर तरंगायची.

"शेतकरी बी पेरतो," रेव्हरंड म्हणाले, "आणि वरून माती ओढतो. ओढतो की नाही?"

"ओढतो!" सभा म्हणाली.

"मग ते बी हरवलं काऽऽ?"

"नाही!"

"अरे, डोळ्यांना दिसत नाही म्हणून, देवाच्या हिशोबातून गेलं काऽऽऽ?"

ऑर्गन उसळला. बाया उभ्या राहिल्या, कुणी हात वर केले, कुणी तालावर नाचू लागल्या. थॅड तर जागचा उठून, डोळ्यांतून धारा वाहत, सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, "नाही! नाही, प्रभो, नाही!" त्याच्या उभ्या जन्माचं सार रेव्हरंडांनी सांगितलं होतं. झाकलेलं ते गेलेलं नसतं.

पहिल्या बाकावर रेनीटा मात्र बसून होती. ती रडत नव्हती, गात नव्हती. गुडघ्यांवर हात, नजर पांढऱ्या शवपेटीवर.

जेवणं झाल्यावर चर्चच्या तळघरात, तळलेल्या कोंबडीची ताटं आवरणाऱ्या बायांच्या गडबडीत, ती त्याच्याजवळ आली.

"मिस्टर थॅड, कबरीवर दगड नाही बसवता येत म्हणाले. जमीन गोठलीय. एप्रिलनंतर बघू म्हणाले. तिथे नुसती पत्र्याची पाटी आहे, नंबर टाकलेली." तिचा आवाज कोरडा होता. "जगात तिचं नाव आत्ता एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे. मला ते बघायचंय. हात लावून."

"ये ना. कधीही ये," थॅड म्हणाला.

म्हणाला आणि दुसऱ्याच क्षणी त्याला आठवलं. सोमवारी लेपवाले चौथ्या मजल्यावर चढणार होते.

लेप म्हणजे काय, तर करडा, ओल्या सिमेंटसारखा, बोटभर जाड थर. आगीत पोलाद वाकतं, म्हणून प्रत्येक खांबाला, प्रत्येक गर्डरला तो मारावाच लागतो. थॅडने हे हजार वेळा बघितलं होतं. आणि तरीही हॉस्पिटलच्या त्या दारात उभं राहून त्या पोरीला शब्द देताना त्याला तो आठवला नव्हता. नव्हे, आठवण्यासारखा वाटलाच नव्हता. लेपाखाली नाव असणारच होतं की! पण आईचे डोळे काही लेपाच्या आत बघत नाहीत, हे त्याला आज, तळघरात, हातात कागदी पेला धरून उभं असताना उमजलं.

सोमवारी पहाटेच त्याने रूथ ब्रॅनॉकला गाठलं.

"एक खांब उघडा सोडा, मॅडम. एकच."

"माझ्या हातात असतं तर सोडला नसता का?" ती म्हणाली. "मुलांचं हॉस्पिटल आहे, थॅड. उद्या आग लागली तर तोच खांब आधी वाकेल, आणि वरच्या मजल्यावर बाळं असतील." तिने चष्मा काढून पुसला. "तो खांब शेवटी घ्यायला सांगते. तिला गुरुवारी आण. माझं नाव सांग. कुणी अडवणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत टोळीने डोकी एकत्र केली.

"सांगूच नकोस तिला," स्कीट्स म्हणाला. "येऊ दे, बघू दे, जाऊ दे. परत कशाला येतेय ती? मनात तरी राहील, की नाव आहे तिथं."

"आणि आली तर?" लूएलाने विचारलं.

"नाही यायची."

"तुला पोरं नाहीत, स्कीट्स. तू सँडविच खा."

 मनातून थॅडला स्कीट्सचंच म्हणणं धरावंसं वाटत होतं. गुरुवारपर्यंत तो देवाजवळ एकच मागत राहिला: प्रभो, तिने काही विचारू नये.

रेनीटा आली ती अंत्यविधीचाच काळा कोट घालून. थॅडने तिला हेल्मेट दिलं. ते तिला मोठं होत होतं, सारखं कपाळावर घसरत होतं. जिना चढताना दोन्ही बाजूंची कामं आपोआप थांबत गेली. चौथ्या मजल्यावर सगळं करडं झालं होतं. खांब, गर्डर, सगळं लेपाने माखलेलं, एकाच वळणाचं. फक्त टोकाचा एक खांब अजून लालसर, उघडा. त्याच्याजवळ लेपवाल्यांचा मुकादम इग्नासिओ बादली आणि थापी घेऊन उभा होता. यांना बघून तो बाजूला झाला, आणि त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

रेनीटा नावापुढे उभी राहिली. तिने हातमोजा काढला. पहिल्या गोल अक्षरावरून, इंग्रजी O वरून, तिने बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण. मग खालच्या. मग त्याच्या खालच्या. शेवटच्या अक्षराला पोचली की पुन्हा पहिल्याला. पोलाद इतकं थंड होतं की तिची बोटं पांढरी पडली, तरी ती थांबेना. थॅडने पाठ फिरवली. समोर, गल्लीपलीकडच्या त्या खिडकीत, एक अनोळखी मुलगा लापशी खात होता.

"छान काढलंय," ती शेवटी म्हणाली. "जांभळाच हवा होता तिला." मग थोडं थांबून, "मी त्या नर्सला विचारलं. इथे आईबापांची बसायची खोली होणार आहे म्हणे. म्हणजे मला येता येईल ना? तिच्या वाढदिवसाला. खुर्ची टाकून इथे बसेन थोडा वेळ. कुणाला त्रास नाही द्यायची. दगड बसला तरी कबर लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतात. हे बेकरीच्या वाटेवर आहे."

 थॅडने आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एवढंसं 'हो', आणि ती खाली उतरून गेली असती. मागे स्कीट्स उभा होता, डोळ्यांनी विनवत होता.

"रेनीटा," तो म्हणाला. "हे दिसणार नाही."

"म्हणजे?"

"हे सगळे खांब बघ. तसाच लेप यालाही लागणार. आज. त्यावर भिंत येईल. नाव आत राहील, लेकी. पोलादावर तसंच राहील. फक्त..."

"फक्त काय?"

"दिसणार नाही."

तिने चहूकडे बघितलं. त्या करड्या, सारख्या, निनावी खांबांकडे. तेव्हा तिला कळलं. तिचा चेहरा बघवेना.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी विचारलं होतं. मागे दाराबाहेर येऊन विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, नातवंडांपर्यंत."

"आमच्यात तसंच म्हणतात, लेकी. झाकलं तरी ते असतंच की आत. त्या दिवशी रेव्हरंड म्हणाले ना, बी मातीत..."

"बी!" ती एवढ्यांदा ओरडली की खालच्या मजल्यावरचा हातोडा थांबला. "बी पेरणाऱ्याला कणीस मिळतं, मिस्टर थॅड. मला काय मिळणार, सांगा? सांगा ना!"

ज्या शब्दांवर तो चार दिवसांपूर्वी सभेत नाचला होता, तेच शब्द आता तोंडात माती होऊन बसले. देवावरचा त्याचा विश्वास ढळला नव्हता. पण तो विश्वास कुणा दुसऱ्याच्या उघड्या जखमेवर थापायची वस्तू नव्हे, एवढं त्याला दिसलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तेव्हाच सांगायला हवं होतं."

ती खांबाला पाठ टेकून खाली बसली. काँक्रीटवर, कोट चुरगळत. कुणी पुढे होईना. बऱ्याच वेळाने तिने इग्नासिओच्या बादलीकडे बोट केलं.

"हे कोण लावणार?"

"मशीनने फवारतात," इग्नासिओ हळूच म्हणाला. "थोडंसं असेल तर हातानेही लावता येतं, बाई."

"मशीन नको." ती उठली. "पेटीवर मातीची पहिली मूठ मी टाकली होती, मिस्टर थॅड. एकदा झाकलंय मी तिला. मला दुसऱ्यांदा नाही जमणार. हे तुम्ही करा. तुम्ही लिहिलंत, तुम्हीच झाका. मी इथे उभी राहते."

"तू नको बघूस, पोरी. खाली जाऊन बस. लूएला चहा देईल."

"मी तिला एकटीला कधी सोडलं नाही. करा."

इग्नासिओने थापी पुढे केली. थॅडने हेल्मेट काढलं, बादलीतला करडा गोळा थापीवर घेतला, आणि खालच्या अक्षरापासून सुरुवात केली. लेप ओला, जड होता. लावला की त्याच्या कडेतून जांभळा रंग क्षणभर डोकवायचा आणि मग बुजायचा. खालचं अक्षर गेलं. त्याच्या वरचं गेलं.  ज्या हाताने आयुष्यात कधी बोल्ट चुकवला नाही, त्या हातातून गोळा दोनदा निसटून पायावर पडला. पहिलं गोल अक्षर तेवढं राहिलं आणि तो थांबला.

"थांबू नका," ती मागून म्हणाली.

त्याने तेही झाकलं. मग इग्नासिओ पुढे झाला आणि वरखाली, चारी बाजूंनी, नियमाप्रमाणे लेप सारखा करत गेला, कारण खांब म्हटला की कुठेही पातळ राहून चालत नाही. तो मागे सरला तेव्हा तिथे इतर खांबांसारखाच एक खांब उभा होता.

रेनीटा जवळ आली. तिने हात उचलला, पण तो हवेतच थांबला. तो कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"कुठे होतं ते?" तिने विचारलं.

थॅडने तिच्या हातावर हात ठेवून तो अलगद लेपावर टेकवला. थोडा वर घेतला. मग पुन्हा खाली. त्याने छातीच्या उंचीचा अंदाज घेतला, वरच्या गर्डरकडे बघितलं, समोरच्या खिडकीशी रेष जुळवून पाहिली.

"इथे," तो म्हणाला.

"नक्की?"

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग खांबाकडे.

"नाही, लेकी," तो म्हणाला. "नक्की नाही सांगता येत."

तिने मान हलवली. तिचा हात तिथेच, ओल्या लेपावर होता, आणि पहिल्यांदाच तिचे खांदे गदगदू लागले. थॅडने आपला हात काढला नाही. खालून लूएलाने काही विचारण्यासाठी वॉकीटॉकीवर हाक मारली, मग पुन्हा मारली. स्कीट्सने पुढे होऊन तो आवाज बंद केला.